'ओढ' आणि 'सोड'

कानिफनाथ रोज सकाळी कापसाचा बोळा घेऊन यारीपाशी यायचा. यारी म्हणजे विहीर खोदताना दगड-मुरूम वर काढायचं हातयंत्र. काठावर रोवलेला लोखंडी सांगाडा, वर कप्पी, मागे आडवं पिंप, पिंपावर गुंडाळलेली बोटभर जाडीची तार, आणि पिंप फिरवायला दोन्ही अंगांना दांडे. चार गडी दांडे फिरवतात तेव्हा तारेच्या टोकाला लटकलेली लोखंडी डोल वर येते. कानिफ तो बोळा तारेवरून सावकाश फिरवायचा. कापसाचा धागा अडकला, की तिथे तारेतला एखादा बारीक पेड तुटलेला असायचा. वीतभर जागेत असे तीन तुटके पेड सापडले, तर तो तेवढी तार कापून टाकायचा. मग त्यापायी अर्धा दिवस गेला तरी चालेल.

"दादा तारेला पावडर लावतोय," दांड्यावरचा मच्छिंद्र म्हणायचा. "आज लगीन दिसतंय तिचं."

"तिचं कुसळ तुझ्या तळहातात घुसलं की तुझी वरात निघंल दवाखान्यात. सोगा खोच आधी."

धोतराचा सोगा खोचलेला असला पाहिजे, हा त्याचा एक नियम. हाताला फडकं गुंडाळायचं नाही, हा दुसरा, कारण पिंपात आधी फडकं जातं आणि त्याच्यामागून हात. आणि खटक्याला फक्त कानिफने हात लावायचा. खटका दातेरी चाकात पडला, की पिंप उलटं फिरत नाही; तो वेळेवर पडला नाही, तर भरलेली डोल खाली पळते आणि दांडे उलटे फिरून हात मोडतात. पुणतांब्याला गोदावरीकाठच्या एका विहिरीवर अशाच सुटलेल्या दांड्याने कानिफच्या बापाचं मनगट मोडलं होतं. ते सरळ जुळलं नाही. पुढे बाप जन्मभर डाव्या हाताने भाकरी मोडायचा आणि जेवताना भिंतीकडे तोंड करून बसायचा.

कानिफने मुळा धरणाच्या कामावर खलाशी म्हणून तारदोरांची विद्या शिकून घेतली आणि मग यारी धरली. चौदा वर्षांत त्याच्या यारीवर कुणाचं बोटदेखील गेलं नव्हतं. ही गोष्ट तो स्वतः बोलून दाखवत नसे. लोक बोलायचे.

१९७३च्या मार्चमध्ये ही यारी राहुरीच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला असलेल्या खांबेवस्तीवर उभी होती. दुसरं वर्ष कोरडं गेलं होतं. पाण्याचा टँकर चौथ्या दिवशी यायचा. वस्तीची एकुलती एक विहीर सरकारने दुष्काळी कामात खोलीकरणाला घेतली होती आणि खोदाई बारा परसांवर पोचली होती. परस म्हणजे एका पुरुषाची उंची. एकावर एक बारा माणसं उभी केली तर वरच्याचं डोकं काठाला लागेल, एवढी खोली. तळाला तिघे असायचे. त्यांतला म्होरक्या गोरक्ष हा कानिफचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. आणि कानिफची बायको कडूबाई वर काठावर, डोलीतून उपसलेला मुरूम टोपल्यांनी लांब टाकणाऱ्या बायकांमध्ये. आधीची तीन मुलं दगावल्यावर ही जगावी म्हणून आईबापांनी तिला हे कडू नाव दिलेलं. ती जगली. मग गोरक्ष झाला, तोही जगला, आणि बहिणीने त्याला कडेवर वाढवला.

काम बघायला राहुरीहून जीपने ओव्हरसियर यायचे. त्यांचं नाव दत्तोपंत. नगरच्या मास्तरांच्या घरातला, नीटनेटका, वेळेचा पक्का माणूस. मजुरांना अहोजाहो करायचा आणि हजेरीपटावर कुणाचं नाव चुकलं तर खोडून पुन्हा लिहायचा. फेब्रुवारीत दुसऱ्या एका गावच्या विहिरीवर, खालून एकाच वेळी दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी ओरडून सांगितल्या म्हणून एकाचा अंगठा चाकात गेला. दत्तोपंतांनी ते प्रकरण मनाला लावून घेतलं. खांबेवस्तीला आले तेव्हा ते अर्धा दिवस काठावर उभे राहून नुसते ऐकत राहिले.

खालून येणारे शब्द त्यांनी वहीत उतरवले. वड. येऊ दे. घे वर. हान. जाऊ दे. सोड. ढिली कर. आस्ते. शिवाय दर वेळी वरून कानिफ उलट विचारायचा, "वडू का रं?" आणि खालून यायचं, "व्हय, वड!"

"कानिफनाथ, हे काम आहे की बाजार?" दत्तोपंत म्हणाले. "किती शब्द! माणूस मरेल अशाने."

"सायेब, सवय हाय त्यांची."

"सवय मोडू. दोनच शब्द ठेवू. वर घ्यायचं असेल तर 'ओढ'. खाली द्यायचं असेल तर 'सोड'. तिसरा शब्द नाही. आणि ते 'वड' नको, नीट 'ओढ' म्हणायचं. वढ, वड, वर, सगळं एकच ऐकू येतं."

"आनि उलट इचारायचं?"

"ते बंद. दोनदा विचारण्यात गोंधळ होतो. शब्द आला की पाळायचा."

चार दिवसांनी त्यांनी राहुरीहून पत्र्याचा फलक रंगवून आणला आणि यारीच्या सांगाड्याला टांगला. काळ्या जमिनीवर पांढरी अक्षरं: ओढ. सोड. शब्द ऐकताच पाळावा. पहिले दोन दिवस गड्यांची हसून पुरेवाट झाली.

"ए गोरख, पुन्याचा झालास की रं! ओड म्हनतोय, ओड!" मच्छिंद्र काठावरून ओरडायचा.

"तुज्या बापानं ऐकलं हुतं का कवा असं सुद्द?" खालून गोरक्षचं उत्तर.

शेवटचा ढ काही त्यांच्या तोंडी बसला नाही. 'ओढ'चं 'ओड' झालं. तेवढं दत्तोपंतांनी चालवून घेतलं. कानिफला मात्र फलक आवडला होता. कुणीतरी शिकलेला माणूस त्याच्यासारखाच, कुणाचा हात जाऊ नये म्हणून डोकं चालवतोय, हे त्याला बरं वाटलं. त्याने गड्यांना दम भरला, सायेबांनी सांगितलेला शब्दच बोलायचा. तीन आठवडे डोल वर आली, खाली गेली. काहीही झालं नाही.

अपघात झाला तो मंगळवारी, सकाळी दहाच्या सुमाराला.

भरलेली डोल वर येत होती. निम्म्यावर, सहा परसांवर, सुरुंगाने अर्धवट फुटलेली एक कपार भिंतीतून पुढे आली होती. डोलीची कड तिच्याखाली अडकली. कानिफला ते डोळ्यांआधी हाताला कळलं. दांडा एकदम जड झाला. त्याने "थांबा" म्हणून खटका टाकला. खाली धूळ होती, माणसं दिसत नव्हती. तेवढ्यात खालून आवाज आला, दोनदा, घाईचा.

"ओड! ओड!"

कानिफ एक क्षण थबकला. पूर्वीची गोष्ट असती तर त्याने उलट विचारलं असतं. त्याने फलकाकडे पाहिलं नाही, पण फलक डोक्यात होता. खालच्याला डोल दिसतेय, आपल्याला दिसत नाही. तो म्हणतो तर सुटली असेल. त्याने गड्यांना मान हलवली. दांडे पाव फेरा फिरले.

तार ताणली गेली, डोल गरकन तिरपी झाली आणि कपारीवरून निसटताना तिच्यातला निम्मा दगड खाली गेला. आधी दगडांचा आवाज आला. मग थोडा वेळ कसलाच नाही. मग गोरक्षची किंकाळी.

कानिफने डोल काठावर घेतली, रिकामी केली, खटका तपासला आणि ती पुन्हा खाली पाठवली. हे सगळं त्याच्या हातांनी केलं. त्याला त्यातलं काही आठवत नाही. डोलीत बसवून गोरक्षला वर आणला तेव्हा त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली पाय राहिलेला नव्हता. कडूबाईच्या डोक्यावरची टोपली तशीच होती. ती खाली ठेवायची असते हे तिला सुचलं नाही. कुणीतरी ती काढून घेतली.

गोरक्ष शुद्धीवर होता. जीपमध्ये घालताना तो कानिफकडे बघून एवढंच म्हणाला:

"दाजी, मी सोड म्हनालो की हो."

नगरच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी पाय कापला. गोरक्ष सोड म्हणाला होता, हे तळाच्या इतर दोघांनीही सांगितलं. डोल अडकलीय, तेव्हा थोडी खाली द्यावी म्हणजे तिच्या बुडाला लोंबणाऱ्या दोरीने बाजूला ओढता येईल, असं ठरवून गोरक्ष ओरडला होता आणि ती दोरी धरायला डोलीखाली सरकला होता. आणि वर चार गडी आणि कानिफ, पाचही जण शपथेवर सांगत होते, की खालून शब्द आला तो 'ओड'. मच्छिंद्रने तर काळभैरवाची आण घेतली. गोरक्ष एक पाय गमावून खोटं कशाला बोलेल? आणि वरचे पाच जण एकदम बहिरे कसे होतील? वस्तीने आपला निकाल लावला: कानिफचं चुकलं, आणि गडी त्याला पाठीशी घालतायत. दत्तोपंतांनी काम थांबवलं आणि अहवाल लिहायला घेतला.

कडूबाई तीन दिवस नवऱ्याशी बोलली नाही. भाकरी पुढ्यात ठेवायची आणि उठून जायची. कानिफ जेवायला बसायचा तो भिंतीकडे तोंड करून. आपण असं कधीपासून बसायला लागलो, हे त्याला तिसऱ्या दिवशी ध्यानात आलं, आणि हातातला घास हातातच राहिला.

चौथ्या दिवशी दोघं एस.टी.ने नगरला जाऊन गोरक्षला बघून आली. परतताना राहुरीच्या स्टँडवर, वस्तीकडच्या गाडीची वाट बघत, कडूबाई पहिल्यांदा बोलली. त्याच्याकडे न बघता.

"गोरख खोटं बोलत न्हाई."

"मग मी बोलतुया व्हय?"

"तुमी बी न्हाई बोलत. चौदा वर्सं बघतीया. पर त्याचा पाय गेलाय. कुनीतरी नेलाय तो. मला कळल्याबिगर मी तुमच्या चुलीला हात लावायची न्हाई. सरळ आईकडं जाईन."

"आगं, तो खाली हुता, मी वर हुतो. मधी दुसरं हुतंच कोन?"

"हीर हुती की," कडूबाई म्हणाली. "तिला इचारा."

ती रागाने बोलली होती. पण कानिफ गाडी येईपर्यंत त्या वाक्यापाशीच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ओढ्यातून तीस खडे गोळा केले, पंधरा काळे आणि पंधरा पांढरे. मच्छिंद्र आणि बाकी तीन गड्यांना दांड्यांवर बोलावलं. तारेवरून बोळा फिरवला. दहा खडे बंडीच्या खिशात घातले, पाच काळे, पाच पांढरे. उरलेले कडूबाईच्या ओच्यात दिले.

"मी खाली जातो. खिशातून न बघता खडा काढनार. काळा आला तर ओड म्हननार, पांढरा आला तर सोड. खडा वळीनं मांडून ठेवीन. तू वर काठाला बस, ऐकताना डोळं मिट. जे ऐकशील त्याचा खडा तू वर मांड. आनि कुनी तिला सांगायचं न्हाई, काय!"

"तुमी खाली जानार?" मच्छिंद्र म्हणाला. "दांड्यावर मग कोन?"

"तूच. खटक्याला हात तुझा."

यारीवाला खाली जात नाही. चौदा वर्षांत कानिफ डोलीत बसला नव्हता. बारा परस उतरायला लागलेल्या वेळात त्याने कपार पाहिली, तिच्यावर डोलीच्या लोखंडाचा ताजा ओरखडा पाहिला. तळाला अजून तो दगड होता. त्याने त्याच्याकडे पाठ केली आणि वर पाहिलं. आभाळ ताटाएवढं होतं.

त्याने दहा वेळा खडा काढला, दहा वेळा बेंबीच्या देठापासून ओरडला. दहाही खडे एका सपाट दगडावर ओळीने मांडले, मग त्याच क्रमाने मुठीत धरून वर आला आणि कडूबाईच्या ओळीशेजारी मांडले.

त्याच्या ओळीत पाच काळे होते, पाच पांढरे. तिच्या ओळीत नऊ काळे आणि एक पांढरा. तो एक पांढराही चुकीच्या जागी होता.

मच्छिंद्र उकिडवा बसला आणि एकेक खडा बोटाने मोजत गेला, जणू मोजणीत चूक निघेल. "आरं, मी बी समदे ओडच ऐकले," तो शेवटी म्हणाला, आणि उठून चार पावलं काठापासून लांब जाऊन उभा राहिला.

'सोड'मधला स म्हणजे नुसता वाऱ्याचा सुस्कारा. बारा परसांच्या खडकाळ नळीतून वर येताना तो भिंतींमध्येच विरून जात होता. काठावर पोचायचं ते 'ओड'. वर घे याचाही तोच शब्द, खाली दे याचाही तोच. तीन आठवडे हे कुणाला कळलं नाही, कारण डोल तळाला भरली की वर घ्यायची आणि काठावर रिकामी झाली की खाली द्यायची, हे न ऐकताही सगळ्यांना ठाऊक होतं. शब्दाची खरी गरज पडली ती एकदाच, डोल मधे अडकली तेव्हा. तीन आठवडे ते शब्द ऐकत नव्हतेच. सवयीने दांडे फिरवत होते. हे कानिफला आता उमगलं.

कडूबाई मात्र खड्यांकडे बघत होती.

"आता एकदा जुनं म्हना," ती म्हणाली. "ओड नगं. आपलं वड."

तो पुन्हा खाली गेला. दहा वेळा ओरडला. या खेपेला दोन्ही ओळी खड्याला खडा जुळल्या. 'वड' उघड्या तोंडाचा होता, 'सोड' ओठ गोल करून म्हणायचा; स गळाला तरी उरलेला भाग वेगळा राहत होता. अडाण्यांचा म्हणून जो शब्द काढून टाकला, तो त्यांना सांभाळत होता. आणि त्याच्या जोडीला ते उलट विचारणं.

खड्यांच्या ओळी तशाच होत्या तेव्हा जीप आली. दत्तोपंतांच्या पिशवीत अहवाल होता. कानिफने काही समजावून सांगितलं नाही. म्हणाला, "सायेब, फक्त ऐका. तुमीच लिवा." मग तो पुन्हा खाली उतरला आणि खडे काढून 'ओड', 'सोड' ओरडला. दत्तोपंतांनी पेन्सिल काढली आणि लिहायला दुसरा कागद नव्हता म्हणून अहवालाच्याच पाठीवर, खालून येणारा एकेक शब्द त्यांच्या वळणदार अक्षरात उतरवला. ओढ. ओढ. ओढ. दहाच्या दहा.

कानिफ वर आला, खडे मांडले. दत्तोपंतांनी कागद आणि खडे पुन्हा पुन्हा ताडून पाहिले. मग चष्मा काढला, पुसला, घातला, आणि पुन्हा पाहिलं.

"हे मी अपघात होऊ नये म्हणून केलं होतं," ते म्हणाले.

"मला म्हाईत हाय, सायेब. मला बी ते पटलं हुतं. ऑफिसात आनि काठावर म्हनलं तर ते नीटच ऐकू येत हुतं."

"खाली उतरून कुणी म्हणून पाहिलं नाही."

"न्हाई. मी बी न्हाई."

दत्तोपंतांनी कागद उलटा केला. 'यारीचालकाच्या निष्काळजीपणामुळे' हे शब्द त्यांनी एका सरळ रेघेने खोडले आणि वर लिहिलं: 'सूचनाफलक सदोष. फलक निम्नस्वाक्षरीकाराने स्वतः तयार केला होता.' खाली सही केली. मग स्वतःच फलक सांगाड्यावरून उतरवून जीपमध्ये टाकला. पत्रा जीपच्या लोखंडावर आदळला तेव्हा सगळे दचकले.

कडूबाई त्या दिवशी माहेरी गेली नाही. ती दुसऱ्या दिवशी एकटीच नगरला गेली आणि तिने गोरक्षला खड्यांची गोष्ट सांगितली.

"म्हंजी दाजींनी बराबर ऐकलं."

"व्हय. आनि तूबी बराबर बोललास."

"आनि पाय गेला." तो हसला, पण ते हसू चेहऱ्यावर टिकलं नाही. "मायला आक्का, जन्मात एकदा सुद्द बोलाया लागलो." मग त्याने विचारलं, "आता खाली कोन जातंय?"

"आजून कुनी तयार न्हाई."

"दाजीस्नी म्हनावं, तोंडाचा भरवसा धरू नगा. हिरीला अक्षर खायची खोड हाय."

तो निरोप कानिफने शब्दशः पाळला. छावणीत गेलेल्या बैलांच्या गळ्यातल्या घंटा घरोघरी खुंटीला लटकत होत्या. त्यातली एक त्याने यारीच्या सांगाड्याला बांधली आणि तिच्यापासून तळापर्यंत एक दोरी सोडली, तारेपासून हातभर लांब. एक ठोका म्हणजे थांब. दोन म्हणजे वर. तीन म्हणजे खाली. काठावर घंटेपाशी कडूबाई बसणार. जेवढे ठोके येतील तेवढे हिसके तिने दोरीला उलट द्यायचे, आणि खालून तेच पुन्हा आले, तरच दांडे हलायचे. काही कळलं नाही, मोजणी चुकली, मधेच कुणी शिंकलं, तर खटका. हा शेवटचा नियम कडूबाईने घातला. मग पहिल्या दिवशी तळाला उतरायला मच्छिंद्र तयार झाला. "मी पडलो तर वरात चांगली काढा," एवढं म्हणून तो डोलीत बसला.

पहिली भरलेली डोल निघाली. पाच परस आली, सहा. कपार आता छिन्नीने काढून टाकली होती, तरी कानिफचे डोळे तिथेच होते. आणि घंटा वाजली. एक ठोका.

खटका पडला. गडी दांड्यांना छाती लावून जागच्या जागी उभे राहिले. कडूबाईने दोरीला एक हिसका उलट दिला. खालून काही आलं नाही. डोल हवेत हळूहळू फिरत होती. कानिफने आत वाकून पाहिलं नाही, हाक मारली नाही, खटक्यावरचा हात काढला नाही.

बराच वेळ गेला. मग खालून मच्छिंद्रचा आवाज आला, अर्धामुर्धा, ओशाळलेला. नीट काही कळलं नाही, पण बहुधा त्याचा खांदा चुकून दोरीला लागला होता.

कुणी हललं नाही. दोन ठोके आले तेव्हा कडूबाईने दोन हिसके दिले, दोन परत आले, आणि मग तिने नवऱ्याकडे पाहून मान हलवली.

"वडा," ती म्हणाली.